सातव्या वाढदिवसाचं पत्र

मास्तर, तुमची मुलगी आली होती. आज सकाळच्या विमानाने परत गेली. तीन दिवस रोज माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसायची. चवळीची उसळ खाल्ली, रडली, हसली, आणि काल माझ्यावर एकदा चांगलीच चिडली. हे तुम्हाला सांगायलाच हवं म्हणून लिहायला बसले. तुम्हाला मराठी येत नव्हतं, माहीत आहे मला. 'बस', 'पुरे' आणि 'आई गं' एवढंच यायचं, तेही माझ्या तोंडून ऐकून. पण इंग्रजीत लिहायला बसले तर दोन ओळींत दमेन, आणि आज मला दमायचं नाही. माझी शाळा चौथीला सुटली, त्यामुळे मराठीतल्याही चुका काढू नका. काढायला तुम्ही आहात कुठे म्हणा.

मी तुमच्याकडे आले ती बाईंच्या सांगण्यावरून. साहेबांची बँकेने जपानला बदली केली तेव्हा बाई मला मुंबईहून बरोबर घेऊन आल्या होत्या, स्वयंपाकाला आणि घरकामाला. मी तेव्हा चोवीस-पंचवीसची. माझा व्हिसा बाईंच्या घराला बांधलेला. दुसऱ्याच्या घरी काम करताना सापडले तर सरळ विमानात बसवतात, एवढं मला पक्कं ठाऊक. एक दिवस बाई म्हणाल्या, "मागच्या गल्लीतले इंग्रजीचे मास्तर जिन्यावरून पडलेत. पाय मोडलाय, घरात दुसरं कुणी नाही. दुपारी तासभर जात जा. कुणी विचारलं तर सांग, शेजारधर्म आहे." मी म्हटलं, "पोलिसांना शेजारधर्म जपानीत कसा सांगू?" बाई म्हणाल्या, "तू जा गं, फाटे फोडू नको." गेले. काळ्या माणसाला इतक्या जवळून मी कधी पाहिलं नव्हतं, दारातच थबकले. खोटं कशाला सांगू. तुम्ही खुर्चीत पाय वर करून बसलेले. म्हणालात, "आत ये. मी चावत नाही. आणि चावलो तरी तू पळशील, मी मागे येऊ शकत नाही." आपलं बोलणं अर्धं इंग्रजी, अर्धं बाजारातलं जपानी, बाकी हातवारे. पण ही थट्टा मला तेव्हाच कळली. तुम्ही मला सिस्टर म्हणायला लागलात. मला वाटलं पाय मोडलाय म्हणून नर्स समजतायत. पुढे कळलं की तुमच्यात आपल्या बायकांना असंच म्हणतात. आपल्या. मला बरं वाटलं होतं ते. बोलून मात्र दाखवलं नाही.

चवळी मी बाईंच्या डब्यातून आणली होती, मुंबईची. भिजवलेली चवळी बघून तुमचा चेहरा असा झाला की मला वाटलं काही चुकलं. तुम्ही एक दाणा उचललात, त्याच्या काळ्या डोळ्यावर बोट ठेवलंत आणि म्हणालात, "माझी आई नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी हे शिजवायची." मी म्हटलं, "आमच्याकडे कधीही शिजवतात. त्यात काय." मग तुम्ही खाताना बोलत गेलात, तुमच्या देशाचं सरकार मागे लागलं म्हणून घर सोडलंत ते सांगितलंत. मी सरळ विचारलं, गुन्हा काय केलात म्हणून सरकार मागे लागलंय? तुम्ही म्हणालात, "भाषणं केली. माझ्या लोकांना मतदानाला न्यायचो. पोलिसांनी कुणाला मारलं की त्यांना कोर्टात न्यायचो. पोरांना शाळेआधी खायला घालायचो." मी म्हटलं, "पोरांना खायला घातलं म्हणून सरकार मागे लागतं?" "खायला घालताना त्यांच्याशी बोलायचो," तुम्ही म्हणालात. पकडायला आले तेव्हा तुमची मुलगी पाच महिन्यांची होती. तुम्ही मागच्या दाराने निघालात ते निघालातच. पासपोर्ट रद्द झाला, दोन-तीन देश झाले, मग हा देश. इथे राहू दिलं, पण एकटं सोडलं नाही.

समोर थंड पेयांच्या मशीनपाशी तो करड्या जॅकेटवाला उभा असायचा. मी आधी त्याला रिकामटेकडा समजत होते. तुम्ही सांगितलंत, तो माझाच आहे. तुमच्या सरकारला इथून कळवणारा. मला वाटलं, आता हा माझं नाव लिहिणार आणि माझा व्हिसा जाणार. तुम्ही मात्र कप भरून म्हणालात, "त्याला चहा दे. बिचारा सकाळपासून उभा आहे." मी म्हटलं, "तुमचा पाय मोडलाय का डोकं?" पण दिला नेऊन. त्याने वाकून घेतला आणि अगदी नम्रपणे विचारलं, घरी कोण कोण येतं? मी म्हटलं, "म्हातारा माणूस. पाय मोडला. माणसं नाही. मी पण नाही." परत येऊन सांगितलं तर तुम्ही इतके हसलात की पाय दुखायला लागला. "एवढी वर्षं झाली, अजून कशाला बघतात?" मी विचारलं. तुम्ही म्हणालात, "मी म्हातारा झालो. फाइल म्हातारी होत नाही."

त्या घरात तुम्ही मला इंग्रजी अक्षरं शिकवलीत. मी कांदा चिरायचे आणि तुम्ही भिंतीवरचं कचऱ्याचं कॅलेंडर दाखवून विचारायचात, हे काय, ते काय. जपानी आणि इंग्रजी दोन्हीत छापलेलं होतं ते. कचऱ्याचा मला फार अभिमान होता, मास्तर. मुंबईहून आलेली बाई, पण महिन्याभरात जळणारं, न जळणारं, बाटल्या, डबे सगळं पाठ. बाईंना यायचं नाही, मला यायचं. आणि कागदाचा दिवस वेगळा, हे तर मला फारच आवडायचं. वर्तमानपत्रांचा गठ्ठा करायचा, कागदाच्या पांढऱ्या दोरीने उभा-आडवा बांधायचा आणि आठच्या आत कोपऱ्यावर नेऊन ठेवायचा. इथे कागद दोरीने बांधला याचा अर्थ तो जाणार. शेजारपाजारच्या सगळ्या घरांत हेच. तुम्ही एवढी वर्षं इथे राहिलात, आणि जी वस्तू कधी जायला नको ती तुम्ही त्याच दोरीने तशीच बांधून, वर्तमानपत्रात गुंडाळून, सरकत्या दाराच्या कपाटात रद्दीशेजारी ठेवलीत. नंतर म्हणालात, घराची झडती झाली तर रद्दीत कोण बघणार म्हणून. अहो, पोलीस बघणार नाहीत, पण मोलकरीण बघेल ना. मी त्या दिवशी सकाळीच आले होते, तुम्ही प्लास्टर काढायला दवाखान्यात गेला होतात. म्हटलं मास्तर चालत घरी येतील तर कपाट लख्ख दिसू दे. पाच गठ्ठे निघाले. सहावा आधीच बांधलेला होता. मला वाटलं, चला, एक काम कमी झालं.

कोपऱ्यावर नेऊन ठेवते न ठेवते तोच एक छोटी पांढरी गाडी आली. आतल्या माणसाने गठ्ठे उचलायला सुरुवात केली. कचऱ्याची गाडी नव्हती ती. पण मी मुंबईची. रद्दी कुणी घेऊन जातं याचा मला आनंदच. आमच्याकडे रद्दी फेकत नाहीत, रद्दीवाला येतो. या देशात कागद असा रस्त्यावर ठेवून यायला माझा जीव तुटायचा. मी त्याला हातभार लावला, मास्तर. सहावा गठ्ठा मी स्वतः उचलून त्याच्या गाडीत ठेवला. उचलताना वरून एक पाकीट सटकलं. त्यावर तुम्ही पेनने एक मुलगी काढली होती, पाठीवर दप्तर. चित्र छान होतं म्हणून मी ते एप्रनच्या खिशात घातलं. गाडीवाल्याने वाकून आभार मानले, मीही वाकले.

दोन दिवसांनी तुम्ही कपाट उघडलंत. मी गॅसपाशी होते. तुम्ही विचारलंत, "सिस्टर, इथलं तू काही हलवलंस?" तुमचा आवाज ऐकूनच मला कळलं की काहीतरी भयंकर झालंय. आणि मी म्हटलं, "नाही. मला माहीत नाही." एवढंच. तोंडातून निघालं ते निघालं. तुम्ही खुर्चीत बसलात. म्हणालात, "मग ते आत येऊन गेले." मी मान हलवली. तेव्हा तुम्ही सांगितलंत की ती मुलीची पत्रं होती. दर वाढदिवसाला एक. पहिली सहा पोस्टात टाकली होती, सातव्यापासून टाकणं बंद केलं, पण लिहिणं बंद केलं नाही. मी तव्याकडे बघत राहिले. तुम्ही थोड्या वेळाने म्हणालात, "जाऊ दे. कुणीतरी वाचेल तरी." त्यानंतर तुम्ही पत्र लिहिलेलं मी पाहिलं नाही. तिचा पुढचा वाढदिवस आला तेव्हा तुम्ही कागद समोर ठेवून बसलात आणि तसाच उचलून ठेवलात. मी भाजी निवडत होते. त्या दिवशी बोलायला हवं होतं मी. नाही बोलले. मला वाटलं, हा माणूस मला उद्यापासून येऊ नको म्हणेल. व्हिसाची भीती होतीच, पण खरी भीती ही.

पाकिटातला कागद मला तेव्हा वाचता येत नव्हता. पाय बरा झाला तरी मी येत राहिले, आणि तुम्हीच शिकवलंत हळूहळू. चार महिन्यांनी एका धड्यात 'मुलगी' हा शब्द आला आणि घरी जाऊन मी ते पाकीट काढलं, तर पहिल्याच ओळीत तोच शब्द. मग रोज एक ओळ. तुमच्याकडून शिकायचं आणि तुमचंच चोरून वाचायचं. पूर्ण व्हायला वर्ष गेलं. मी आयुष्यात इंग्रजीतलं पहिलं वाचलं ते हे. परत द्यायचं कसं? दिलं तर 'ते आत येऊन गेले' हे खोटं ठरत होतं. नंतर तुमची छाती बिघडली, दवाखाना, आणि मग तुम्ही गेलात. घरमालकाने एका दिवसात ट्रक आणून घर रिकामं केलं. तुमच्या अस्थी जवळच्या बुद्धाच्या देवळात आहेत. बाई-साहेब परत गेले. माझं इथल्याच एका ट्रकवाल्याशी लग्न झालं. आम्ही वर्षातून दोनदा देवळात जातो, मी चवळी नेते. पुजारी आता विचारत नाही हे काय म्हणून.

तर तुमची मुलगी. पुजाऱ्याने तिला माझा नंबर दिला. मी आता आपल्या याच भागात, ओजिमात, डब्यांचं स्वयंपाकघर चालवते. पुण्या-मुंबईची कॉम्प्युटरवाली पोरं इथे इमारती भरभरून राहतात, आईच्या हातचं हवं असतं आणि मिरची कमी. दुपारचे डबे गेले की ती यायची. माझ्याच वयाची आहे, मास्तर, हे मला इतकी वर्षं कधी सुचलंच नव्हतं. चेहरा तुमचा. चिडली की डावी भुवई वर जाते, तीही तुमचीच. बरोबर एक चाकांची बॅग, बॅगेत तुमची फाइल. किती वर्षं अर्ज केले, वकील केले, तेव्हा सरकारने दिली, आणि अर्ध्या पानांवर काळे पट्टे मारून दिली. मी म्हटलं, "हे काय, शाई सांडली?" ती म्हणाली, "असंच देतात." पण आत काय निघालं सांगू? तुमची पत्रं. पहिली सहा पोस्टात फोडून नक्कल केलेली. आणि आठव्या वाढदिवसापासून चोविसाव्यापर्यंतची सगळी, त्या गठ्ठ्यातली. ज्यांनी तुमच्यावर पाळत ठेवली त्यांनीच जपून ठेवली. मेल्यांनी एकही फेकलं नाही. घरात राहिली असती तर घरमालकाच्या ट्रकमधून गेली असती.

माझ्या लेकीने फाइलमधलं एक पान मोठ्याने वाचलं. 'गठ्ठा कोपऱ्यावरून ताब्यात घेतला. घरकाम करणाऱ्या भारतीय स्त्रीने स्वतः गाडीत ठेवण्यास मदत केली. उंची कमी, बोलणं तुटक.' लेक जपानीत खिदळली, "आई, उंची कमी." मी म्हटलं, "गप्प बस." तुमची मुलगी माझ्याकडे बघत होती. मी सांगून टाकलं, ती मी. मला वाचता येत नव्हतं, मी रद्दी समजून दिली, आणि तुझ्या बाबांना खोटं सांगितलं. तिने दोन्ही हातांनी माझा हात धरला. "तुमच्यामुळे ती वाचली," म्हणाली. मी हात सोडवून घेतला. "मी फेकली. वाचवली वगैरे म्हणू नको, मला आवडत नाही." ती हसली. मग गंभीर झाली. म्हणाली, "फक्त सातवं नाही. लहानपणी मला एवढंच समजायचं की माझे बाबा सहा वर्षं लिहीत होते आणि मग त्यांनी मला टाकलं. आठव्या पत्रात लिहिलंय, का पाठवत नाही ते मागच्या वर्षी सांगितलंच आहे. ते मागचं पान सरकारने दाबून ठेवलंय. परत जाऊन पुन्हा खटला घालणार. आणखी दहा वर्षं लागली तरी."

रात्रभर नाही, पण सकाळचे चाळीस डबे भरेपर्यंत मी विचार केला. एका डब्यात दोनदा वरण आणि भात नाहीच, असं झालं. डबा घेणाऱ्या एका पोराचा फोन आला, "काकू, आज सूप आहे का?" काल दुपारी ती आली तेव्हा मी मसाल्याच्या फडताळातला वरचा डबा उतरवला, खालचा कागद उचलला आणि पाकीट तिच्यापुढे ठेवलं. म्हटलं, "सरकारने नाही दाबलं. मी." चित्र बघूनच तिला कळलं. तिने विचारलं, "किती वर्षं?" मी म्हटलं, "तीस होतील. पत्ता नव्हता हे खरं, पण मी शोधलाही नाही." भुवई वर गेली. उठली, बेसिनपाशी जाऊन पाठ करून उभी राहिली आणि बराच वेळ हात धूत बसली. मी नळ बंद कर म्हणाले नाही. एवढी अक्कल आली आता. मग म्हणाली, "दोन वर्षं मी त्या लोकांशी या एका पानासाठी भांडतेय. परवाच त्यांना खोटारडे लिहिलं." मी म्हटलं, "म्हणून त्यांची माफी मागायला जाऊ नको. बाकीचे काळे पट्टे आहेतच." तेव्हा कुठे तिला हसू आलं, रडत रडतच.

तिने पत्र मोठ्याने वाचलं, मास्तर. मला पाठ आहे, तरी तिच्या तोंडून ऐकताना वेगळंच वाटलं. त्यातलं ते सात वर्षांच्या मुलींचं, तुम्ही लिहिलेलं. इथे सात वर्षांच्या मुली पाठीवर लाल दप्तर लावून एकट्या शाळेत जातात, मी रोज खिडकीतून बघतो आणि तू एवढी असशील का म्हणून कमरेपाशी हात धरून बघतो. त्यांच्यामागून कुणी माणूस चालत नाही. माझं पत्र आलं की तुझ्या दारात माणूस येतो आणि तू शाळेत निघालीस की मागून चालतो, असं तुझ्या आईने कळवलं. म्हणून यापुढे लिहीन, पण टाकणार नाही. तू एकटी शाळेत जा. इथे आल्यावर ती थांबली. म्हणाली, "एक माणूस यायचा मागून. मला आठवतोय. तो ब्राउन बूट घालायचा. सातव्या वर्षानंतर आला नाही." मग कागद नाकाशी नेला. बाकी सगळ्या नकला, हा एकच कागद तुमच्या हाताचा. म्हणाली, हळदीचा वास येतोय. मी म्हटलं, "येणारच. मसाल्याखाली होता." तिने तो कागद फाइलमध्ये ठेवला नाही. पर्समध्ये ठेवला. फाइल सरकारची आहे, हे माझं आहे, म्हणाली. पुढच्या वर्षी तिच्या नातीला घेऊन येणार आहे. नात सात वर्षांची होईल. देवळात नेऊ, आणि तिला लाल दप्तर घ्यायचं ठरलंय. मी म्हटलं, दप्तर फार जड असतं इथलं, विचार कर. ऐकत नाही. तुमचीच मुलगी.

आता हे पत्र कुठे टाकू? फडताळात कागदाखाली ठेवते, जागा रिकामी झालीच आहे. दोरी बांधत नाही. उद्या कागदाचा दिवस आहे. एक गोष्ट मी तिलाही सांगितली नाही. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात, दुपारी, तुम्ही म्हणालात, "सिस्टर, काहीतरी वाचून दाखव. बघू किती आलं." ते पाकीट तेव्हा माझ्या पर्समध्ये होतं. त्या दिवशी सांगायचंच म्हणून नेलं होतं. मी पर्स उघडली, बंद केली आणि उशाशी बिस्किटांचा डबा होता त्यावरचं वाचलं. मैदा, साखर, लोणी, मीठ, कोरड्या जागी ठेवा. एकदाही अडखळले नाही. तुम्ही डोळे मिटून ऐकत होतात. म्हणालात, "छान. पुढे वाच." मी म्हटलं, पुढे काही नाही, मास्तर.